बी गेली, बोंडू उरला

काजूचं वर्ष वाईट गेलं असं आमच्याकडे कोणी म्हणालं की त्याचा अर्थ एकच, बी कमी मिळाली. बोंडूचं, म्हणजे बी ज्याला लागते त्या रसाळ फळाचं, काय झालं हे कोणी विचारत पण नाही. एक किलो बी मागे सहा-आठ किलो, कधी त्याच्याहून जास्त बोंडू पडतो झाडाखाली, आणि आपण काय करतो तर बी पिरगळून काढतो आणि बोंडू तिथंच टाकतो. दुपारपर्यंत त्याच्यावर माश्या, संध्याकाळी अख्ख्या बागेत आंबूस वास, दुसऱ्या दिवशी चिखल. म्हणजे वजनाने बघितलं तर पिकाचा सगळ्यात मोठा भाग आपण जमिनीवर कुजवतो आणि उरलेल्या छोट्या भागाला भाव नाही म्हणून वर्षभर जीव जाळतो. मला हे आधीपासून पटत नव्हतं आणि 2025 चा सीझन बघितल्यावर तर अजिबातच पटत नाही, आम्ही याच बोंडूच्या रसाची वाईन करतो, म्हणून हे लिहायला घेतलंय, जरा मोठं होईल.

आमची बाग वेंगुर्ल्याजवळ, सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळाच्या, उताराला, समुद्र दिसत नाही पण वारा खारा लागतो. जुनी गावठी झाडं आहेत थोडी आणि बाकी कलमं, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7, इथल्याच फळ संशोधन केंद्राच्या जाती. चारचा बोंडू लाल आणि सातचा पिवळा, सातची बी मोठी असते, दहा ग्रॅमच्या आसपास एक बी, त्यामुळे सगळे सात लावतात. वाईनचं युनिट माझ्या दिराचं आहे, अगदी छोटं, दोन खोल्या आणि एक शेड, रीतसर लायसन्स आहे. हे मुद्दाम सांगते कारण विचारणारे फार असतात, घरी करून बघू का म्हणून. महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरात वाईन करणं हा गुन्हा आहे, उगाच त्या भानगडीत पडू नका. मी बाग बघते आणि सीझनमध्ये रस काढण्यापासून टाकीपर्यंतचं कामही बऱ्यापैकी मीच बघते, कारण भावजी तेव्हा विक्रीच्या आणि कागदपत्रांच्या मागे पळत असतात.

तर सीझन. पाऊस ऑक्टोबरमध्ये पण रेंगाळला, जमिनीत ओल राहिली आणि झाडं पालवीच फोडत बसली. काजूला मोहोर यायला कोरडी हवा आणि रात्रीची थंडी लागते, ती उशिरा आली, मग मोहोर पण उशिरा आला. जानेवारीत आला तो बघून बरं वाटलं होतं पण लगेच ढगाळ हवा सुरू झाली आणि ढगाळ हवा म्हणजे ढेकण्या, ज्याला कृषीवाले टी मॉस्किटो म्हणतात. हा किडा कोवळ्या पालवीतून आणि मोहोरातून रस शोषतो, जिथं सोंड टोचतो तिथं काळा ठिपका पडतो, चार दिवसात सगळा तुरा जळल्यासारखा दिसतो. हातात धरून चुरला तर राखेसारखा सुटतो. आमच्या खालच्या अंगाच्या कलमांचा पहिला मोहोर असाच गेला, वरच्या बाजूला गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून जी गावठी झाडं आहेत त्यांच्यावर तांबड्या मुंग्यांची घरटी आहेत, पानं शिवून गोळे करतात ना त्या, तिथं मात्र ढेकण्या फारसा टिकला नाही. माणसं त्या मुंग्या चावतात म्हणून घरटी जाळून टाकतात. मी आमच्याकडे कोणाला हात लावू देत नाही, वेचणीला त्रास होतो मान्य आहे पण त्या झाडांनी यंदा आम्हाला सांभाळलं.

फवारणीचं पण सांगते. काजूला साधारण तीन फवारण्या सांगतात, पालवीला एक, मोहोराला एक आणि फळ धरताना एक. पहिल्या दोन केल्या. तिसरी मी केली नाही आणि त्यावरून घरात बोलणी झाली, कारण बी वाचली असती थोडी. पण बी ला जाड कवच असतं, बोंडूला काहीच नसतं, पातळ साल आणि आत सगळा रस. फळ धरल्यावर औषध मारायचं आणि तोच बोंडू पिळून टाकीत घालायचा हे मला नको होतं. ज्यांना फक्त बी विकायची आहे त्यांनी वेगळा विचार करावा, मी त्यांना नावं ठेवत नाही.

मग मार्च. मोहोराची दुसरी खेप आली, ती बरी धरली, पण मार्चात शिमगा आणि शिमग्यात माणसं मिळत नाहीत, पालख्या घरोघर फिरतात तेव्हा बागेत कोण येणार आणि का यावं. त्यात सड्यावरचं गवत वाळलेलं असतं, कोणीतरी काडी टाकतो आणि वणवा लागतो, दरवर्षी कुठली ना कुठली बाग जाते. आम्ही गडग्याच्या कडेने गवत कापून पट्टा मोकळा ठेवतो, यंदा शेजारच्या सड्यावर लागलेली आग त्या पट्ट्यापाशी येऊन थांबली, घरातले सगळे ओल्या फांद्या घेऊन धावलो होतो. दोन झाडं होरपळली. त्या रात्री कोणी जेवलं नाही नीट.

बोंडूची वेचणी ही बी च्या वेचणीपेक्षा पूर्ण वेगळी गोष्ट आहे आणि हे लोकांना समजावणं सगळ्यात कठीण. बी दोन दिवस पडली तरी चालते, बोंडू नाही. पिकून आपोआप पडलेलाच घ्यायचा कारण झाडावरून ओढून काढलेला तुरट असतो, आणि पडला की त्याच दिवशी सकाळी सकाळी उचलायचा, ऊन चढायच्या आत, नाहीतर तो झाडाखालीच आंबायला लागतो. फुटलेला नको, मुंग्या लागलेला नको, माती लागलेला धुऊन घ्यायचा. पाटीत दाबून भरायचा नाही, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये दोन-तीन थर, बस. बी पिरगळताना तिच्या कवचाचं तेल हाताला लागलं की कातडी उतते, वेचणाऱ्या बायकांचे हात बघा सीझनमध्ये, बोटांची टोकं काळी आणि सोललेली असतात. हे तेल रसात जाता कामा नये म्हणून आमच्याकडे बी काढणारी वेगळी आणि बोंडू उचलणारी वेगळी असते. आणि कपडे. बोंडूच्या रसाचा डाग जात नाही, काही करा, म्हणून बागेत जायच्या साड्या वेगळ्याच असतात.

सासूबाईंना हे सगळं सुरुवातीला खूळ वाटायचं. "बोंडू ढोरांक घालूचो नि बी वेचूची, आमी असाच करीत इलंव," म्हणायच्या. त्यांचं पण बरोबर, त्यांच्या काळात बी ला मान होता. आता आफ्रिकेतून कच्ची काजू येते, कारखानदार तिच्यावर फॅक्टरी चालवतात आणि आमच्या बी चा भाव पाडून मागतात. गोव्यात सरकारने 2023 मध्ये कच्च्या काजूला किलोला 150 रुपये आधारभाव ठरवला तेव्हा आमच्या गावात सगळे बोलत होते की हद्दीपलीकडे चार मैलांवर बाग असती तर बरं झालं असतं. गोव्यात बोंडू पण वाया जात नाही, तिथं त्याच्या रसाची दारू होते, हुर्राक आणि फेणी, 2009 पासून काजू फेणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. झाड तेच, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं, माती तीच, जांभा तोच. आमच्याकडे 'वेंगुर्ला काजू' ला जीआय मिळालं ते पण काजूलाच, बोंडू आपला जमिनीवर.

आता रसाचं. बोंडू धुऊन, देठाची बाजू कापून, क्रश करून स्क्रू प्रेसमध्ये दाबतो, चांगल्या फळाच्या वजनाच्या साठ-पासष्ट टक्के रस येतो. ताजा रस प्यायलात तर घसा धरतो, खवखवतं, ते टॅनिन, बोंडूला तुरटपणा देतं ते. व्हिटॅमिन सी संत्र्याच्या चार-पाच पट असतं त्यात पण घशाला त्याचं काय. हे टॅनिन कमी केल्याशिवाय वाईन पिण्यालायक होत नाही. त्यासाठी साबुदाणा वापरतात, लिटरला पाच ग्रॅम, पाण्यात शिजवून खळ करायची, थंड करून रसात ढवळायची आणि बारा तास स्थिर ठेवायचं, टॅनिन स्टार्चला धरून गाळ होऊन खाली बसतं आणि वर स्वच्छ रस येतो. हे बघून सासूबाई म्हणाल्या, "साबुदाणो कित्याक इकत हाडतंस? घरात पेज नाय?" आणि खरंच, तांदळाची पेज पण चालते, संशोधनवाल्यांनी पण पेज सांगितलेली आहे. मग एका लॉटला उकड्या तांदळाची पेज घातली, घट्ट आणि गाळून घेतलेली. साबुदाण्याचा गाळ पटकन बसतो, पेजेचा जरा वेळ घेतो पण रस मला जास्त गोल वाटला तोंडात. तेव्हापासून पेजेचं खातं सासूबाईंकडे आहे, त्या स्वतः उभ्या राहून घालतात आणि कोणाला ढवळू देत नाहीत.

अडचण बारा तासांची आहे. एप्रिल-मे मध्ये आमच्या शेडमध्ये दुपारी पस्तीसच्या आसपास तापमान जातं, रस बारा तास उघड्यावर ठेवला तर स्वतःच्याच रानटी यीस्टने फसफसायला लागतो. म्हणून डेअरीतला जुना दुधाचा कूलर घेतलाय सेकंडहँड, त्यात रस थंड ठेवतो आणि थोडं केएमएस, म्हणजे रस टिकवणारी पावडर, घालतो, ते प्रमाणात.

नाशिकच्या द्राक्षवाल्यांचं मला या बाबतीत बरं वाटतं. त्यांची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, काढणी जानेवारी ते मार्च, हवा कोरडी, रात्री थंड. द्राक्ष बावीस-चोवीस ब्रिक्सला येतं, ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप, आंबटपणा पण त्याचा स्वतःचा असतो, म्हणजे वाईनसाठी लागतं ते जवळपास सगळं फळातच. बोंडूत साखर दहा-बारा ब्रिक्स आणि आम्ल कमी, त्यामुळे आम्हाला साखर घालून वीसपर्यंत न्यावं लागतं तेव्हा कुठे दहा-अकरा टक्के अल्कोहोल होतं, आणि सायट्रिक ॲसिड घालून पीएच साडेतीनच्या आसपास आणावा लागतो. अवकाळी पाऊस आणि गारा त्यांना पण रडवतात हे माहितीये, वाईट वर्ष सगळीकडे येतं. पण आमची काढणीच मुळात वर्षातल्या सगळ्यात गरम दिवसांत येते.

यंदा दोन वेळा जीव टांगणीला लागला. पहिली वेळ एप्रिलच्या शेवटी. मोठ्या टाकीतलं फर्मेंटेशन चांगलं चाललेलं, एअरलॉक, म्हणजे टाकीतला गॅस बाहेर सोडणारी पाण्याची झडप, बुडबुड करत होता, तीन दिवस लाईट येत-जात होती आणि टाकी तापली. रसात साखर किती उरली ते दाखवणारा हायड्रोमीटर 1.030 ला येऊन बसला तो हलेना, म्हणजे फर्मेंटेशन मध्येच अडकलं. वास घेतला तर किंचित सडक्या अंड्यासारखा. यीस्टला नत्र कमी पडलं की असा वास सोडतं आणि उष्णतेने तर ते आणखीनच दमतं. टाकीत नुसतं नवीन पाकीट ओतून भागत नाही, अल्कोहोल झालेल्या रसात ताजं यीस्ट टाकलं तर ते लगेच मरतं. म्हणून वेगळ्या बादलीत कोमट पाण्यात यीस्ट जागं केलं, त्याला थोडा ताजा रस दिला, ते उसळायला लागल्यावर टाकीतली वाईन थोडी थोडी त्यात मिसळत गेलो, दर काही तासांनी थोडी जास्त, म्हणजे त्याला सवय होते, आणि मग सगळं टाकीत सोडलं, त्याआधी टाकीत नत्रासाठी डीएपी घातलं थोडं. आणि थंड कसं करायचं, तर भावजींनी टेम्पो काढला आणि बंदरावरच्या बर्फ फॅक्टरीतून लाद्या आणल्या, माशांच्या बर्फाच्या. टाकीभोवती गोणपाटं गुंडाळली, त्याच्यावर बर्फ फोडून लावला, खाली पाणी वाहायला चर काढला. शेडमध्ये बोंडूचा वास आणि गोणपाटांना माशांचा वास, पण रात्री उशिरा एअरलॉकमधून पहिला बुडबुडा आला तेव्हा मी भावजींना हाक मारून दाखवला, आणि सासूबाई पण उठून आल्या.

दुसरी वेळ मे मध्ये. मोहोर उशिरा म्हणजे फळ उशिरा, त्यामुळे मे च्या मध्यावर आमच्या बागेत बोंडूचा खच पडायचा होता, तीच खेप सगळ्यात मोठी होती आणि त्याच्यावरच आमचा हिशोब होता. वीस तारखेपासून पावसाने सुरुवात केली ती थांबायचं नाव नाही. मान्सून 24 मे ला केरळात आणि 25 मे ला देवगडपर्यंत पोचला, आमच्याकडे मिरगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरायची सवय, इथं मे मध्येच पन्हळी वाहायला लागल्या. बी भिजली, काळी पडली, वाळवायला ऊन नाही, पडवीत पंख्याखाली पसरली तरी ओल राहिली आणि व्यापाऱ्याने भाव कापला. आंबेवाल्यांचं तर बोलूच नका.

आणि बोंडू. पावसाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या मावशी एक बोंडू घेऊन आल्या, फुगलेला, मोठा, दिसायला सुरेख. "वयनी, ह्यो बघा, दाबलो तर नुसता पाणीच येता." रस मोजला तर आठ ब्रिक्स पण नव्हता. पाण्याने फुगून साली तडकलेल्या, तडकलेल्या जागी बुरशी धरायला लागलेली.

इथं भावजींचं आणि माझं वाजलं. त्यांचं म्हणणं, टाक्या रिकाम्या आहेत, साखर घालून वीसवर नेऊ, आधीच्या लॉटमध्ये मिसळू, कोणाला कळणार नाही, वर्ष तसं पण तोट्यात आहे. मी म्हटलं ही वाईन होणार नाही, हे साखरेच्या पाण्याला दिलेलं बोंडूचं नाव होईल. चांगल्या लॉटमध्ये हे मिसळलं तर दोन्ही गेले. आमचा माल घेणारी माणसं मोजकी आहेत, होमस्टेवाले आणि दोन-तीन हॉटेलं, आणि ती चव लक्षात ठेवतात. बराच वेळ बोललो, चढ्या आवाजात पण बोललो, शेवटी ठरलं की पावसानंतरचा बोंडू वाईनला घ्यायचा नाही. त्यातला जो बरा होता त्याचं व्हिनेगर लावलंय वेगळ्या ड्रममध्ये, बाकी खताच्या खड्ड्यात गेला. भावजी दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते, मला त्याचं वाईट वाटलं पण परत तसंच झालं तर मी तेच म्हणेन.

तर आता हिशोब असा की बी मागच्या वर्षीच्या निम्म्याच्या पण आत आली. वाईन दोन लॉट. पहिला लॉट मार्च-एप्रिलचा, बहुतेक गडग्याकडच्या गावठी झाडांचा, थोडाच आहे पण सुंदर आहे, रंग फिकट सोनेरी, नाकाला जवळ नेला की पिकलेल्या बोंडूचा तो झणझणीत गोड वास येतो आणि चवीला कोरडा, शेवटी जिभेच्या कडेला हलका तुरटपणा राहतो. तो तुरटपणा मी मुद्दाम ठेवलाय, अजून पेज घालून काढता आला असता, पण बोंडू आहे हे कळलं पाहिजे. मासळीबरोबर, खास करून तळलेल्या बांगड्याबरोबर, फार छान लागतो. दुसरा लॉट तो अडकलेला. तो शेवटपर्यंत गेला, सडका वास पण गेला गाळ काढून दुसऱ्या टाकीत घेतल्यावर, पण गरमीत वासातला वरचा भाग उडून गेलाय, जरा बोथट आहे. खोटं कशाला सांगू. तो स्वस्तात द्यायचा आणि का स्वस्त आहे ते घेणाऱ्याला सांगायचं असं ठरलंय, लेबलवर दोन्ही लॉटचे महिने वेगवेगळे छापणार आहोत. सध्या दोन्ही निवळतायत, गाळ खाली बसवणारी बेंटोनाइट माती घालून झालीये, गणपती झाले की बाटल्या भरायला घेऊ.

आणि एक, पुढच्या सीझनसाठी आजूबाजूच्या बागांतून पण बोंडू विकत घ्यायचा विचार आहे, गावात बोलणं सुरू केलंय. बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं की बोंडूचे पैसे मिळतील म्हणून, एक जण तर दोनदा विचारून गेला की बी नको, नक्की बोंडूच हवाय ना. भाव किलोवर देणार, पण त्याच दिवशी सकाळी दहाच्या आत क्रेट शेडवर पोचला पाहिजे, फळ धरल्यावर फवारलेलं नको, पावसात भिजलेलं नको. क्रेट आम्ही देऊ, धुतलेले. वेंगुर्ला, आरवली, शिरोडा, तुळस या बाजूला कोणाची बाग असेल आणि बोंडू नुसता कुजत असेल तर मोहोर यायच्या आधीच कळवा, म्हणजे फवारणीचं बोलून घेता येईल.